झोनमधल्या मिडल स्कूलमध्ये मुलीला घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी पाचवीत आहे. घराजवळची एलिमेंटरी शाळा सगळ्यांना आवडते, आमच्या रस्त्यावरची पाचवीतली सातही मुलं तिथेच जातात. पण सहावीला झोनची, म्हणजे घराच्या पत्त्यावरून ठरलेली, मिडल स्कूल आली की सगळे पांगतात. कोणी चार्टरच्या लॉटरीत नाव घातलंय, कोणी प्रायव्हेट बघतंय, एका कुटुंबाने तर घरच विकायला काढलंय. शाळेचं रेटिंग दहापैकी चार आहे. नवऱ्याचं म्हणणं, जवळची शाळा आहे, जाऊ दे. मला झोप लागत नाही. काय करावं?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात शाळेविषयी एकच वाक्य आहे, रेटिंगचं. बाकी सगळं पत्र शेजाऱ्यांविषयी आहे: कोण कुठे चाललंय, कोणी काय ठरवलंय. त्या इमारतीत तुम्ही अजून पाऊल ठेवलेलं नसावं असा माझा अंदाज आहे. त्यात तुमचा काही दोष नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आईवडिलांचं असंच झालेलं असतं. ठरवायचं असतं शाळेबद्दल, आणि महिनोन् महिने चर्चा चालते ती बाकीचे काय करणार याची.

मी पब्लिक, म्हणजे सरकारी, मिडल स्कूलमध्ये २२ वर्षं आहे. पहिली १४ वर्षं गणित शिकवलं, नंतर काउन्सेलर, म्हणजे मुलांच्या अडचणी ऐकणारी समुपदेशक, झाले. एका वर्षी फेब्रुवारीत आमच्या ऑफिसात एकाच आठवड्यात पाच फोन आले. पाचही पालक एकाच एलिमेंटरीचे, जवळजवळ राहणारे. पाचही जणांचा शेवटचा प्रश्न तोच: "आमच्या भागातली आणखी कोणी मुलं येताहेत का?" कोणाचं मूल कुठे जाणार हे दुसऱ्या कुटुंबाला सांगण्याची मला परवानगी नव्हती, त्यामुळे मी गप्प राहिले. "बाकीचे आले तर आम्हीही येऊ," असं पाचही जण म्हणाले आणि पाचही मुलं दुसरीकडे गेली. शाळेत काय चांगलं, काय वाईट हे त्यांच्यापैकी कोणी पाहिलंच नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत राहिला. त्या वर्षाची हुरहुर मला अजून आहे.

तुमच्या रस्त्यावर नेमकं हेच चाललेलं दिसतंय. म्हणून आधी शाळेकडे वळू, मग शेजाऱ्यांकडे.

त्या चारच्या आकड्याचं काय करायचं ते पहिलं सांगते. घरांच्या जाहिरातींखाली दिसणारं ते दहापैकीचं रेटिंग बहुतेक वेळा ग्रेटस्कूल्स या संकेतस्थळाचं असतं, आणि ते मुख्यतः राज्याच्या परीक्षांवरून काढलेलं असतं. परीक्षेतला सरासरी गुण म्हणजे मूल शाळेत येताना काय घेऊन आलं आणि शाळेने त्यात काय भर घातली, या दोन्हींची बेरीज. घरात पुस्तकं आहेत, आईवडील पदवीधर आहेत, शिकवणीला पैसे आहेत, अशा मुलांनी भरलेली शाळा काही खास न करताही वर दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या जवळजवळ सगळ्या डिस्ट्रिक्टचे, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांचे, तिसरी ते आठवीचे निकाल एकत्र करून पाहिले. सरासरी गुण कुटुंबांच्या आर्थिक स्थितीशी घट्ट जोडलेले निघाले. मुलं वर्षागणिक किती पुढे सरकतात, याचा मात्र श्रीमंतीशी फारसा संबंध दिसला नाही. सर्वांत बोलका दाखला शिकागोचा. तिथली मुलं तिसरीत देशाच्या सरासरीच्या मागे होती, पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत त्यांनी साधारण सहा वर्षांचं शिक्षण पदरात पाडलं. सरासरीच्या यादीत शिकागो खाली असतं. तुमच्या मुलीच्या दृष्टीने मोलाचा आकडा दुसरा आहे.

ग्रेटस्कूल्सनेही २०२० मध्ये या वाढीला अधिक वजन द्यायला सुरुवात केली. तरी त्या एका आकड्यावर थांबू नका. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानुसार प्रत्येक राज्याला दर शाळेचं रिपोर्ट कार्ड जाहीर करावं लागतं. ते राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर मिळतं, आणि एका संध्याकाळी वाचून होतं. त्यात निकाल गटागटाने दिलेले असतात: गरीब घरची मुलं, इंग्रजी शिकत असलेली मुलं, अपंग मुलं, निरनिराळ्या वंशांची मुलं. तुमच्या मुलीशी मिळत्याजुळत्या परिस्थितीतली मुलं त्या शाळेत कुठे आहेत ते बघा. पुष्कळदा तिथे चारचा आकडा आठसारखा दिसू लागतो. मग उलटंही बघा, गरीब घरची मुलं तिथे कशी शिकताहेत? मी हा आकडा शाळेच्या कुवतीचा खरा आरसा मानते. ज्या शाळेला घरून मदत नसलेल्या मुलाला पुढे नेता येतं, तिथल्या शिक्षकांना शिकवता येतं.

आणखी एक आकडा हमखास बघा, गैरहजेरीचा. वर्षाच्या १० टक्के दिवस किंवा त्याहून जास्त शाळा बुडवणाऱ्या मुलांना सततचे गैरहजर धरतात. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं धरलं तर हे १८ दिवस होतात. महामारीआधी देशभर अशी मुलं साधारण १५ टक्के होती, २०२१-२२ मध्ये ती २८ टक्क्यांवर गेली. तुमच्या शाळेचा आकडा आसपासच्या शाळांपेक्षा बराच वर असेल आणि दरवर्षी चढत असेल, तर मुलांना तिथे यावंसं वाटत नाही किंवा त्यांना आणायला कोणी जात नाही. मला परीक्षेच्या गुणांपेक्षा याची जास्त काळजी वाटेल.

आता एक अवघड गोष्ट. आपल्या मराठी घरांतून हा विषय निघाला की एक शब्द हटकून येतो: "वातावरण". तिथलं वातावरण बरं नाही म्हणे. मी अशा वेळी नेहमी विचारते, म्हणजे नक्की काय? मारामाऱ्या होतात? शिक्षक टिकत नाहीत? वर्गात गोंगाट असतो? या तिन्ही गोष्टी तपासता येतात आणि त्या तपासायलाच हव्यात. पण कधी कधी त्या शब्दाखाली दुसरंच दडलेलं असतं. तिथे काळी मुलं जास्त आहेत, स्पॅनिश बोलणारी मुलं जास्त आहेत, बऱ्याच जणांना दुपारचं जेवण सरकारी सवलतीत मिळतं. हे असेल तर स्वतःशी तरी ते स्पष्ट म्हणा. मी या मुलांच्या आईवडिलांना २२ वर्षं भेटते आहे. रात्रपाळी करून सकाळी पालकसभेला आलेली आई मी जितक्या वेळा पाहिली, तितक्या वेळा मला माझी आई आठवली. आपण या देशात आलो तेव्हा आपल्याकडे बघूनही कोणी तरी "वातावरण" म्हटलंच असेल. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. पण भीती कशाची आहे हे नेमकं कळलं नाही, तर तिचं उत्तर कुठल्याही शाळेत मिळणार नाही.

तुमच्या मुलीच्या वयाबद्दलही बोलायला हवं. अकरा ते चौदा हे वय कुठल्याही शाळेत अवघडच असतं. पाचवीपर्यंत एक बाई, एक वर्ग, एक बाक. मग एकदम सहा-सात शिक्षक, दर तासाला खोली बदलायची, मधे चार-पाच मिनिटं, लॉकरचं कुलूप आणि जेवणाच्या हॉलमध्ये कोणाजवळ बसायचं हा रोजचा प्रश्न. या वयासाठी वेगळी शाळा हवी हा विचार इथे जुना आहे. १९०९ मध्ये ओहायोतल्या कोलंबसला पहिलं ज्युनियर हायस्कूल निघालं. सहावी ते आठवीची मिडल स्कूल ही कल्पना शिक्षणतज्ज्ञ विल्यम अलेक्झांडर यांनी १९६३ मध्ये मांडली. त्यांचा आग्रह असा की ही हायस्कूलची छोटी प्रत होऊ नये, तिथे मुलाला ओळखणारं कोणीतरी मोठं माणूस असावं. काही शाळांनी हे पाळलं, काहींनी नाही. न्यूयॉर्क शहरातल्या मुलांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की बालवाडी ते आठवी एकाच शाळेत राहिलेल्या मुलांच्या तुलनेत, मिडल स्कूलमध्ये गेलेल्या मुलांचे गुण बदलाच्या त्या वर्षीच खाली आले. तेव्हा ऑक्टोबरात मुलगी रडत घरी आली तर लगेच "आपण चुकलो" असं समजू नका. प्रायव्हेटमध्ये नव्याने जाणारी मुलंही ऑक्टोबरात रडतात, फक्त त्यांचे आईवडील ते रस्त्यावर सांगत नाहीत.

म्हणून शाळा बघताना मी जो प्रश्न सर्वांत वर ठेवते तो हा: सहावीच्या मुलाला इथे नावानिशी कोण ओळखतं? चांगल्या शाळांत "टीम" असते. गणित, इंग्रजी, विज्ञान आणि समाजशास्त्राचे चार शिक्षक मिळून साधारण शंभर-सव्वाशे मुलं वाटून घेतात आणि आठवड्यातून एक-दोनदा त्याच मुलांबद्दल एकत्र बसून बोलतात. एखादी मुलगी दोन विषयांत एकाच आठवड्यात गप्प झाली की ते त्या बैठकीत उमगतं. टीम नसेल तर "ॲडव्हायजरी" आहे का विचारा. दहा-पंधरा मुलांमागे एक मोठं माणूस, रोज किंवा दिवसाआड. दोन्ही नसेल, तर रेटिंग नऊ असो, मला ती शाळा अकरा वर्षांच्या मुलासाठी मोठी आणि थंड वाटते. काउन्सेलरमागे मुलं किती हेही विचारा. आमच्या काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एकामागे २५० मुलांची आहे. माझ्याकडे एका वर्षी चारशेच्या वर होती आणि त्या वर्षी काही मुलं माझ्या नजरेतून निसटली, हे मला माहीत आहे.

हे सगळं ओपन हाऊसला, म्हणजे पालकांना शाळा दाखवण्याच्या ठरलेल्या दिवशी, कळत नाही. तिथे भिंती सजवलेल्या असतात आणि निवडक मुलं वाट दाखवायला उभी असतात. ऑफिसला फोन करा आणि साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, शाळा चालू असताना यायचंय म्हणून सांगा. सुरक्षेच्या नियमांमुळे एकटं फिरू देणार नाहीत, कोणीतरी सोबत येईल, ते योग्यच आहे. पण ते "शक्यच नाही" म्हणाले आणि दुसरी काही सोय सुचवली नाही, तर ते लक्षात ठेवा.

गेल्यावर वर्गापेक्षा कॉरिडॉर आधी बघा. तास संपल्याची घंटा झाली की चार मिनिटांत हजारभर मुलं इकडून तिकडे जातात. त्या चार मिनिटांत शाळा उघडी पडते. शिक्षक आपापल्या दारात उभे आहेत का? मुलांशी बोलताहेत की नुसते ओरडताहेत? प्रिन्सिपल कॉरिडॉरमध्ये असतील तर ते मुलांना नावाने हाक मारतात का? मुलं आरडाओरडा करतील, एकमेकांना ढकलतील, ते वयच तसं आहे, त्याला घाबरू नका. पण एखादं मूल भिंतीला चिकटून, मान खाली घालून चाललेलं दिसलं, तर एखादा मोठा माणूस त्याच्याकडे बघतो का ते बघा. जमलं तर मुलींचं बाथरूम बघा. ते बंद करून ठेवलेलं असेल तर का, हे विचारा. माझ्या अनुभवात मुली दिवसभर पाणी न पिता राहतात ते याच कारणाने, आणि घरी कोणाला सांगत नाहीत. जेवणाच्या हॉलमध्ये पाच मिनिटं उभं राहता आलं तर सोन्याहून पिवळं. एकटी बसलेली मुलं किती, आणि त्यांच्यासाठी लायब्ररी किंवा एखाद्या शिक्षकाची खोली त्या वेळी उघडी असते का?

मग प्रिन्सिपलना भेटा. दोनच प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. "गेल्या तीन वर्षांत गणित आणि विज्ञानाचे किती शिक्षक सोडून गेले, आणि आत्ता कुठल्या वर्गावर दीर्घकाळ बदली शिक्षक आहे?" आणि, "तुमच्या शाळेत तुम्हाला काय सुधारायचंय?" दुसऱ्या प्रश्नाला "काहीच नाही" असं उत्तर मिळालं तर मी सावध होते. ज्या प्रिन्सिपल माझ्याशी सर्वांत चांगल्या वागल्या त्यांनी एका पालकाला सांगितलं होतं, "सातवीच्या मुलींमधली फोनवरची भांडणं मला आवरत नाहीयेत, आणि त्यासाठी आम्ही हे हे करतोय." त्या पालकाने त्याच दिवशी नाव घातलं.

तुम्हाला हवेत ते आणखी आकडे केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कचेरीने गोळा केलेले असतात: किती मुलांना निलंबित केलं, पहिल्याच वर्षाचे शिक्षक किती, आठवीत अल्जेब्रा किती मुलं घेतात. ते शाळेनुसार बघता येतात. थोडे जुने असतात, पण निलंबनात एकाच वंशाची मुलं ठळक जास्त असतील तर ती शाळा शिस्त कशी लावते ते कळतं.

अल्जेब्राचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या लोकांची खरी धास्ती तिथेच असते. "पाया कच्चा राहिला तर?" क्रम असा आहे: अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. पाच वर्षांच्या पायऱ्या. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर नेहमीच्या वाटेने अल्जेब्रा आठवीत व्हायला लागतो. म्हणून झोनच्या शाळेत आठवीत अल्जेब्रा आहे का हा प्रश्न योग्य आहे. यावर इथे मोठे वाद झाले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या डिस्ट्रिक्टने २०१४ मध्ये आठवीतून अल्जेब्रा काढला आणि २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या मतदारांनी तो परत आणण्याच्या बाजूने कौल दिला. पण नुसतं "आहे का" विचारून थांबू नका. त्या वर्गात कोण बसतं, निवड केव्हा आणि कशी होते, सहावीत मागे असलेल्या मुलाला तिथे पोहोचायची वाट आहे का, हे विचारा. काही शाळांत पाचवीच्या शेवटच्या एका चाचणीवर तीन वर्षांचं ठरून जातं आणि पालकांना ते कळतही नाही. ती चाचणी केव्हा आहे ते आत्ताच विचारून ठेवा, मग शाळा कुठलीही निवडा.

आणि १४ वर्षं गणित शिकवल्यावर मी हे खात्रीने सांगते: सहावीत पाया कच्चा राहतो तो अपूर्णांक आणि गुणोत्तर घाईघाईने उरकल्यामुळे. चारच्या शाळेत ते नीट शिकवणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत आणि नऊच्या शाळेत ते शिकवणीवर सोडून देणारे गुरुजीही पाहिले आहेत.

चार्टर आणि प्रायव्हेटबद्दल थोडंच. चार्टरही पब्लिक शाळाच असते, फुकट आणि लॉटरीने मिळणारी. पहिला कायदा मिनेसोटात १९९१ मध्ये झाला. काही फार चांगल्या आहेत, काही वर्षभरात बंद पडतात, म्हणून किती वर्षं चालू आहे ते बघा. प्रायव्हेट शाळा सहसा राज्याच्या परीक्षा घेत नाहीत, त्यामुळे तुलनेला आकडाच नसतो, आणि ते न दिसणं लोक गुणवत्ता समजतात. मुलाला शिकण्याची काही अडचण असेल, डिस्लेक्सिया, एकाग्रतेचा त्रास, काहीही, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पब्लिक शाळेवर केंद्रीय कायद्याने जी जबाबदारी आहे ती तुम्ही आपणहून निवडलेल्या प्रायव्हेट शाळेवर तशी नसते. ज्या कुटुंबांना हे सातवीच्या मध्यावर कळलं, त्यांना मी माझ्या खोलीत रडताना पाहिलंय. आणि तारखांचं: लॉटरी, मॅग्नेट (एखाद्या विषयावर भर देणाऱ्या पब्लिक शाळा), प्रायव्हेट, बहुतेकांच्या मुदती पाचवीच्या हिवाळ्यातच संपतात. झोनच्या शाळेत तुमच्या मुलीची जागा हक्काची आहे, ती कुठे जात नाही. त्यामुळे अर्ज हवे तिथे भरून ठेवा, शाळा बघायला वेळ घ्या.

मी कधी "नको" म्हणेन? तुमच्या मुलीला एलिमेंटरीत एखाद्या मुलाने किंवा टोळीने सतत छळलं असेल, ती मुलं तिथेच जाणार असतील आणि शाळा त्यावर लेखी काही सांगायला तयार नसेल, तर नको. सहावीच्या गणिताला वर्षभर कायम शिक्षक नसेल आणि पुढच्या वर्षाचीही खात्री नसेल, तर नको. प्रिन्सिपल दर वर्षी बदलत असतील तर फार जपून. आणि तुम्ही आत जाऊन, बघून, बोलून आलात आणि तरीही पोटात गोळा येतोय, तर त्या भावनेला मान द्या. मुलीला तुमची भीती रोज सकाळी गाडीत कळते. न बघता आलेली भीती आणि बघून आलेली भीती यांत मी फरक करते, एवढंच.

आता शेजारी. घरोघरी चाललेली ही कुजबुज थांबवण्याचा एकच उपाय मला माहीत आहे: एका संध्याकाळी सातही घरांना चहाला बोलवा. "तुम्ही काय ठरवलंत" असं विचारू नका, त्याने प्रत्येक जण बचावात जातो. "आपण सगळे मिळून शाळा बघायला जाऊया, आणि अमुक तारखेपर्यंत कोणी काही पक्कं करायचं नाही," एवढंच ठरवा. जाताना वेगवेगळे जाऊ नका. आमच्याकडे एकदा चार कुटुंबं अशी एकत्र आली. चौघांनी चार वेगवेगळ्या गोष्टी पाहिल्या आणि परत जाताना पार्किंगमध्ये अर्धा तास उभं राहून त्यांची गाठ घातली. तिघांची मुलं आली, एक नाही आलं, आणि त्यावरून कोणाचं बिनसलं नाही. तीन ओळखीचे चेहरे एकाच टीममध्ये ठेवता येतील का, हे एप्रिल-मे महिन्यात काउन्सेलरला विचारा. वर्गवाटप उन्हाळ्यात होतं, त्यानंतर फार उशीर होतो. वचन मिळणार नाही, पण आम्ही प्रयत्न करतो.

एक सावधगिरी मात्र सांगते, कारण मी ते घडताना पाहिलंय. "आम्ही येऊन शाळा सुधारू" या भावनेने जाऊ नका. शाळेत आधीच कुटुंबं आहेत, त्यांची पालक संघटना आहे, त्यांचे प्रश्न आहेत. नव्याने आलेल्या पाच घरांनी पहिल्या सभेत ऑर्केस्ट्रा आणि ऑनर्सचे (वरच्या पातळीचे) वर्ग मागितले आणि तिथे दहा वर्षं येणाऱ्या आया गप्प झाल्या, त्या सभेत मी होते. वर्षभर त्या पुन्हा आल्या नाहीत. पहिलं वर्ष ऐका, खुर्च्या लावा, त्या बायकांशी बोला. त्या मुलांना ओळखतात.

शेजाऱ्यांनी एकत्र ठरवलं तर किती फरक पडतो याचं मोठं उदाहरण न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनचं आहे. तिथल्या डिस्ट्रिक्ट १५ मध्ये मिडल स्कूलचे प्रवेश मुलांच्या गुणांवर, हजेरीवर आणि वागणुकीच्या शेऱ्यांवर होत असत आणि दहा वर्षांच्या मुलांची वर्गवारी व्हायची. तिथल्या पालकांच्या दीर्घ बैठकांनंतर २०१९ च्या प्रवेशापासून ११ शाळांतून ते निकष काढून टाकले, लॉटरी आली, आणि ५२ टक्के जागा गरीब घरच्या, इंग्रजी शिकणाऱ्या आणि डोक्यावर कायमचं छप्पर नसलेल्या मुलांना प्राधान्याने ठेवल्या. तुमच्या रस्त्यावरच्या सात घरांना इतकं मोठं काही करायचं नाही. फक्त एकमेकांकडे बघत बसण्याऐवजी एकत्र बघायचंय.

तुमच्या नवऱ्याच्या "जवळ आहे, जाऊ दे" या म्हणण्यात तुम्हाला वाटतं त्याहून जास्त अर्थ आहे. अकराव्या वर्षी चालत शाळेत जाता येणं, दुपारी मैत्रिणीच्या घरी पायी जाता येणं, तालमीला किंवा क्लबला थांबून एकटं घरी येता येणं, याने मूल मोठं होतं. झोपेचाही मुद्दा आहे. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने २०१४ मध्ये सांगितलं की मिडल आणि हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू होऊ नये. पुष्कळ शाळा अजून आधी सुरू होतात, आणि दूरच्या शाळेची बस त्याच्याही तासभर आधी येते. घरापासून दहा मिनिटांवरची शाळा म्हणजे आठवड्याला साधारण चार तासांची जास्त झोप. पण "जाऊ दे" म्हणून सोडून देण्याइतकं हे छोटं नाही, म्हणून शाळा बघायला त्यांनाही सोबत न्या. जो न बघता हो म्हणतो आणि जी न बघता नाही म्हणते, ती दोघं मंगळवारी एकाच कॉरिडॉरमध्ये उभी राहिली की बोलणं पुढे सरकतं.

मुलीला विचारा, पण निर्णय तिच्यावर टाकू नका. "तुला कुठे जायचंय?" याचं उत्तर ती मैत्रीण जाते तिथे असंच देणार. त्यापेक्षा विचारा, "तुला कशाची भीती वाटते?" पाचवीतल्या मुलींकडून मी सर्वांत जास्त ऐकलेली उत्तरं अशी: लॉकर उघडणार नाही, वर्ग सापडणार नाही, जेवताना एकटी पडेन. यातलं एकही रेटिंगवर अवलंबून नाही आणि यातल्या प्रत्येकावर उपाय आहे. तिचं झोनच्या शाळेत जायचं ठरलं, तर जूनमध्ये एक आकड्यांचं कुलूप आणून द्या, उन्हाळाभर तिला ते उघडू द्या. ऑगस्टमध्ये वेळापत्रक हातात आलं की शाळेतून एक फेरी मारू देतात, तेव्हा तिच्यासोबत रस्त्यावरच्या जी कोणी मुलं येणार असतील त्यांनाही घ्या आणि पहिल्या दिवशी जेवायला दारापाशी कुठे भेटायचं ते त्यांनाच ठरवू द्या.